ताईची पन्नाशी आणि पाच जणांचं टेबल

प्रश्न : माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी असलेली ताई पुढच्या महिन्यात पन्नास वर्षांची होतेय. माझं शिक्षण तिच्या पगारावर झालं. एखाद्या चांगल्या स्टेक रेस्टॉरंटमध्ये निवांत बसून जेवायचं, असं ती कधीपासून म्हणतेय, म्हणून मी शहरातलं एक नावाजलेलं ठिकाण हेरून ठेवलंय. आम्ही पाच जण : ताई, दाजी, त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी, मी आणि माझी बायको. चौघांना बीफ चालतं, भाची मात्र मांस खात नाही. दाजींना सगळं ‘नीट शिजलेलं’ लागतं. ताई मेन्यूकार्ड उजवीकडून वाचते आणि सगळ्यांत स्वस्त सूप मागवते. मी स्वतः अशा ठिकाणी कधी गेलेलो नाही, मीडियम-रेअर वगैरे ऐकलं की घाम फुटतो. हे सगळं गुपचूप ठरवून तिला चकित करावं का? आणि सुरुवात कुठून करू?
– धाकटा भाऊ

उत्तर :

तुमच्या पत्रातलं सुपाचं वाक्य मी पुन्हा एकदा वाचलं. स्टेक कसा मागवायचा हे एका बैठकीत समजून घेता येतं. किमती आधी बघण्याची सवय अंगात मुरलेल्या बाईला मनासारखं जेवायला लावणं जास्त अवघड आहे. तेव्हा सुरुवात तिथूनच करू, मीडियम-रेअर थोडं थांबेल.

रेस्टॉरंटला फोन करा. ऑनलाइन टेबल राखून ठेवता येतं, पण तुम्हाला माणसाशी बोलायचंय. दुपारची जेवणं आटोपलेली आणि रात्रीची गर्दी सुरू व्हायची आहे, अशी तीन ते पाचची वेळ बरी. मॅनेजरला तेव्हा ऐकून घ्यायला सवड असते. पहिला प्रश्न हाच विचारा की पाहुण्यांसाठी किमती नसलेलं मेन्यूकार्ड मिळेल का. महागड्या ठिकाणी या मागणीचं कुणाला नवल वाटत नाही. काहींकडे अशी कार्डं तयार असतात, काही त्या दिवसापुरती छापून देतात. किमतींचं कार्ड फक्त तुमच्या हातात येईल. ते जमणार नसेल तर पाच जणांचं मुख्य जेवण फोनवरच ठरवून टाका आणि टेबलावर कार्डं येऊच देऊ नका. ताईने निवडायचं ते पेय आणि शेवटचं गोड.

बिलाचंही त्याच फोनवर मिटवा. दाजी बिलावर झडप घालतात की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुतेक दाजी घालतात. पोहोचल्या पोहोचल्या बँकेचं कार्ड मॅनेजरकडे द्या, बिल टेबलावर आणू नका म्हणून सांगा, आणि गोड संपत आलं की हात धुवायचं निमित्त करून उठा. सेवाशुल्क आधीच बिलात धरलंय का तेवढं बघून टिप ठेवा, म्हणजे ती दोनदा जाणार नाही.

सरप्राइजबद्दल माझं मत अर्ध्या सरप्राइजचं आहे. कुठे आणि कधी जायचंय हे ताईला आठवडाभर आधी सांगून टाका. एवढी वर्षं ज्याची इच्छा धरली त्याची वाट बघण्यातही मजा असते, ती तिच्याकडून कशाला हिरावून घ्यायची? शिवाय स्टेक हे जड जेवण आहे. दुपारी भरपेट जेवून आलेल्या माणसासमोर अचानक तो ठेवला तर अर्धा ताटात राहतो. काय ल्यायचं हेही तिला ठरवता येईल. काही ठिकाणी चपला आणि अर्ध्या विजारी चालत नाहीत, ते फोनवर विचारून ठेवा. पानात काय येणार, एवढंच गुपित राहू द्या. आणखी एक सूचना स्पष्ट द्या : ताईला आवडत नसेल तर वेटरांनी टाळ्या पिटत गाणं म्हणायचं नाही. आपला केक नेणार असाल तर तो कापून वाढण्याचे वेगळे पैसे लावतात का, तेही विचारा.

दिवस शक्यतो आठवड्याच्या मधला घ्या. शुक्रवारी-शनिवारी अशी ठिकाणं तुडुंब असतात, आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही आणि टेबल दोन तासांत रिकामं करा असा नियमही असतो. तुम्हाला अडीच तास तरी हवेत. पाच जणांना गोल टेबल उत्तम. अर्धगोल सोफ्याचं टेबल दिसायला झकास, पण मधे बसलेल्याला उठायचं झालं की दोघांना उठावं लागतं, आणि मधे बसवणार तुम्ही उत्सवमूर्तीलाच. न कळवता बुकिंग मोडलं तर पैसे कापतात का, हेही त्याच फोनवर विचारा.

आता स्टेक. मेन्यूकार्डावर नावांची गर्दी दिसली तरी मुळात जनावराच्या पाठीवरच्या दोन-तीन स्नायूंचीच ती गोष्ट असते. टेंडरलॉइन, म्हणजेच फिले, हा स्नायू फारसं काम करत नाही, म्हणून तो सगळ्यांत मऊ. त्यात चरबीही कमी, म्हणून चवही सौम्य. सगळ्यांत महाग बहुधा तोच असतो आणि नवखा माणूस ‘महाग म्हणजे उत्तम’ समजून तोच मागवतो. रिब-आय बरगड्यांच्या भागातला. त्यात चरबीच्या रेषा भरपूर, त्यामुळे चव दणदणीत. स्ट्रिप या दोघांच्या मधला : चावायला थोडा घट्ट, चवीला भरीव, एका कडेला चरबीची पट्टी. टी-बोन आणि पोर्टरहाउस यांत इंग्रजी टीच्या आकाराच्या हाडाच्या एका बाजूला स्ट्रिप आणि दुसऱ्या बाजूला टेंडरलॉइन असतं. पोर्टरहाउस कमरेच्या मागच्या भागातून कापतात. तिथे टेंडरलॉइन रुंद होत जातं, आणि अमेरिकेतल्या सरकारी व्याख्येनुसार त्याची रुंदी किमान सव्वा इंच असेल तरच त्या तुकड्याला पोर्टरहाउस म्हणता येतं.

तुमच्यासाठी मी हाच सुचवेन. साधारण एक किलोचा एक पोर्टरहाउस ताई, तुम्ही आणि तुमची बायको अशा तिघांत. मेन्यूवर लिहिलेलं वजन बहुतेक वेळा कच्च्या मांसाचं असतं. त्यातून हाड वजा करा, शिजताना पाचवा ते चौथा हिस्सा घटतो तोही वजा करा, म्हणजे माणशी दोनशे ग्रॅमच्या आसपास उरतं. आधी काही खाल्लेलं आणि सोबत भाज्या असताना ते भरपूर झालं. अशा ठिकाणी स्वयंपाकघरातच तो हाडापासून सोडवून, काप करून, पुन्हा हाडाभोवती मांडून आणतात. ताईला एकाच पानात मऊ आणि चवदार असे दोन्ही प्रकार चाखता येतात, आणि मधे ठेवलेल्या ताटातून घेताना ‘माझा कितीला’ हा हिशेब तिला करताच येत नाही.

टॉमहॉक नावाचा लांबलचक हाडाचा स्टेक शेजारच्या टेबलावर जाताना दिसेल आणि मोह होईल. तो म्हणजे हाडासकट रिब-आयच. हाडाला चव असते असं सांगतील, पण त्या दांडीचं वजनही तुम्ही विकत घेत असता. फोटोसाठी हवा तर घ्या. मोठे तुकडे पुष्कळ ठिकाणी शंभर ग्रॅमच्या भावाने लिहिलेले असतात. तो भाव पूर्ण तुकड्याचा समजून मागवलं तर बिलाच्या वेळी डोळे पांढरे होतात, म्हणून एकूण वजन आधी विचारायचं, न लाजता.

ड्राय-एज्ड असं लिहिलेलं असेल तर मांस थंड, हवा खेळत्या खोलीत काही आठवडे टांगून मुरवलेलं असतं. पाणी उडतं, मांसातलीच एन्झाइम्स तंतू सैल करतात आणि सुक्यामेव्यासारखी, किंचित चीजच्या वळणाची चव येते. चारेक आठवडे मुरवलेला पहिल्यांदा खाणाऱ्याला आवडतो. साठ दिवसांच्या पुढचा उग्र वाटू शकतो, तो पुन्हा कधीतरी. वाग्यू या जपानी गुरांच्या मांसावर ए-5 असा शिक्का दिसेल. त्यातलं ‘ए’ हे अक्षर जनावरापासून किती मांस मिळालं याचं आहे, मांसाच्या दर्जाचा आकडा तो 5. त्यात चरबी इतकी असते की सत्तर-ऐंशी ग्रॅममध्ये तोंड भरतं. घ्यायचाच तर सुरुवातीला पाच-सहा छोटे काप मधे मागवा. मुख्य जेवण म्हणून नको.

आता तुम्हाला घाम फोडणारे शब्द. ते फक्त मांसाच्या मध्यभागाचं तापमान सांगतात. रेअर म्हणजे साधारण 50 अंश सेल्सियस, मधे गार आणि लालभडक. मीडियम-रेअर 54 ते 57, मधे कोमट आणि लाल. मीडियम 60 च्या आसपास, गुलाबी. मीडियम-वेल 65 ते 68, गुलाबी छटेपुरता. 70 च्या पुढे वेल-डन, आतपर्यंत तपकिरी. साधारण 66 अंशांनंतर स्नायूंमधली प्रथिनं आवळत जातात आणि आतला रस बाहेर ढकलतात, म्हणून वेल-डन कोरडा लागतो. सगळं गणित एवढंच. ताटात जे लाल पाणी दिसतं ते रक्त नव्हे, ते मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाने रंगलेलं पाणी असतं. हे दाजींना घरीच सांगून ठेवा, टेबलावर व्याख्यान नको.

पोर्टरहाउस मीडियम-रेअर मागवा. ताईला लाल रंग बघून कससं होईल असं वाटत असेल तर मीडियम. दोन्हींच्या मधे अडलात तर कमी शिजलेला सांगा. कमी वाटला तर पुन्हा आचेवर ठेवता येतो, जास्त शिजलेला मागे आणता येत नाही. स्टेक आला की वेटर जायच्या आत मधोमध एक काप देऊन बघा. हवा तसा नसेल तर लगेच, शांतपणे सांगा. परत पाठवणं म्हणजे भांडण नव्हे, तिथे ते रोजचं काम आहे. अर्धा संपवून मग सांगणं मात्र वाईट.

दाजींना वेल-डन हवाय तर वेल-डनच मिळू दे, आणि यावर कुणी विनोद करणार नाही एवढं तुम्ही बघा. स्टेकच्या टेबलावर वेल-डनवाल्याला हसणं ही एक जुनाट खोड आहे. पन्नाशीच्या जेवणात उत्सवमूर्तीच्या नवऱ्याला अडाणी ठरवून कुणाचं काय भलं होणार? फक्त तुकडा नीट निवडा. फिले वेल-डन केला तर चरबी नसल्यामुळे भुशासारखा होतो. रिब-आय आतल्या चरबीमुळे तग धरतो. त्यांच्यासाठी जाड नसलेला एक छोटा रिब-आय वेगळा सांगा, किंवा स्वयंपाकघराला तो मधून उघडून भाजायला सांगा. जाड तुकडा पूर्ण शिजायला बराच वेळ लागतो, आणि पाचही ताटं एकदम आणायची तर बाकीचे स्टेक ताटकळतात. मॅनेजरला आधीच कळलं असेल तर ते वेळेचं गणित जुळवतात. सोबत मिरीचा सॉस मागवा, दाजी खूश होतील. लोणी आणि अंड्याच्या बलकाचा, टॅरागॉनच्या वासाचा बेअर्नेज पोर्टरहाउसबरोबर छान जातो, पण वाटीत वेगळा हवा. स्टेकवर ओतलेला सॉस कडेची खरपूस साल मऊ करून टाकतो, आणि त्या सालीसाठीच तर एवढे पैसे मोजतो आपण.

भाचीचं काम मला दाजींपेक्षा नाजूक वाटतं. पुष्कळ स्टेक रेस्टॉरंटांत मांस न खाणाऱ्याला ‘भाज्या आहेत की’ असं सांगतात आणि मग ती मुलगी उकडलेला बटाटा चिवडत बसते. शिवाय त्या भाज्याच फसव्या असतात. बटाट्याचे फ्राइज कधी कधी बीफच्या चरबीत तळतात. कांद्याचं सूप बहुधा स्टॉकवर, म्हणजे हाडं उकळून काढलेल्या पाण्यावर बनतं. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही नावाचे खारवलेले मासे असतात, आणि वूस्टरशर सॉस पडला तर त्यातही तेच. क्रीममधल्या पालकात बेकनचे तुकडे निघतात, मशरूमवर मांसाच्या रसाचा सॉस असतो. इतकंच काय, अस्सल पार्मेझान चीजसाठी वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध फाडणारं द्रव्य, वापरतात. भाची यातलं काय चालवून घेते आणि काय नाही, ते तिलाच विचारा. प्रत्येकाची रेषा वेगळीकडे असते. मग मॅनेजरला नेमकं सांगा : ‘स्टॉक, चरबी, मासे यांतलं काही नको, आणि साइड डिश नको, मुख्य जेवणाचा पदार्थ हवा.’ दोन दिवस आधी कळलं तर चांगलं स्वयंपाकघर तिच्यासाठी खास पदार्थ करतं. आयत्या वेळी सांगितलं तर बटाटाच येतो. तिला काय मिळणार हे फोनवर पक्कं झालं नाही तर मी दुसरं रेस्टॉरंट शोधेन. लेकीच्या ताटात काही नाही म्हटल्यावर ताईला घास गोड लागणार नाही, मग पोर्टरहाउस कितीही सुरेख असो.

साइड डिश अशा ठिकाणी वेगळ्या मागवाव्या लागतात आणि त्या दोघा-तिघांना पुरतील एवढ्या असतात. पाच जणांत तीन पुरे, पैकी निदान दोन भाचीला चालणाऱ्या. सुरुवातीला एखादं सॅलड आणि एक गरम पदार्थ मधे. पावाची टोपली येईल, लोणीही मस्त असेल, पण तिच्यावर ताव मारू नका.

वाइन घेणार असाल तर बुजू नका. साडेसातशे मिलीलीटरच्या बाटलीत साधारण पाच ग्लास होतात. भाची घेत नसेल तर चौघांना एक बाटली पुरते. वाइनची यादी उघडून तुमच्या ऐपतीतल्या एका किमतीवर बोट ठेवा आणि वाइन सुचवणाऱ्याला म्हणा, ‘अशा प्रकारातली, स्टेकबरोबर चालेल अशी सांगा.’ त्याला इशारा कळतो, टेबलावर आकडा उच्चारला जात नाही. लाल वाइनमधला तुरटपणा मांसाच्या चरबीने आणि प्रथिनांनी बोथट होतो, म्हणून कॅबरने सोव्हिन्यों किंवा माल्बेक सुचवली जाईल. ती चाखायला म्हणून थोडी ओततील, तेव्हा तुम्ही फक्त वाइन बिघडलेली नाही ना हे बघायचं असतं. वास घ्यायचा, मान डोलवायची. आणि ताईला लिंबूसोडाच हवा असेल तर लिंबूसोडा.

खाताना एका वेळी एकच घास कापा. अख्खा स्टेक आधीच तुकडे करून ठेवला तर तो भराभर गार होतो आणि रसही ताटात सांडतो. तंतू ज्या दिशेने जातात त्याच्या आडवी सुरी चालवली की चावायला सोपं जातं. आधी एक घास नुसता मिठावर खाऊन बघा, मग सॉस.

भेटवस्तू किंवा दोन शब्द बोलायचे असतील तर पेयं आल्यावर, पहिला पदार्थ यायच्या आधी. स्टेक समोर असताना भाषण करणाऱ्याकडे कुणाचं लक्ष नसतं, आणि गोडाच्या वेळी सगळे सुस्तावलेले असतात. शिक्षणाचा विषय काढणार असाल तर थोडक्यात काढा. ताई टेबलावर रडायला लागली तर वेटर बिचारा ताटं घेऊन लांबच उभा राहील.

उरलेलं बांधून द्या म्हणायला संकोच नको. मांस पुन्हा तापवू नका, दुसऱ्या दिवशी फ्रीजमधून काढून पातळ काप करून सॅलडवर किंवा पावात घाला. हाड मागितलं तर तेही देतात, त्याचा स्टॉक उत्तम होतो. फक्त तो डबा भाचीच्या हातात देऊ नका.